सागरी बदकांमधील पंखपिसांची झड

आयडर, स्कोटर, गोल्डनआय, मर्गन्झर, हार्लेक्विन, लांबशेपटी बदक ही सारी सागरी बदके वर्षातून एकदा पंखांतली उड्डाणपिसे जवळजवळ एकाच वेळी टाकतात. नवी पिसे पुरेशी वाढेपर्यंत पक्ष्याला उडता येत नाही.

अनेक पक्षी एकेक पीस बदलतात आणि त्या काळातही उडत राहतात. सागरी बदकांना ते परवडत नाही. शरीर जड, पंख त्या मानाने लहान. दोन-चार पिसे कमी झाली तरी उड्डाण कष्टाचे होते. तेव्हा तोच त्रास महिनोन्‌महिने सोसण्यापेक्षा सगळी पिसे एकदम टाकून मोकळे होणे त्यांच्या फायद्याचे ठरते.

न उडण्याचा हा काळ साधारण तीन ते पाच आठवड्यांचा असतो. स्कोटरचे पीस दिवसाला सुमारे 4 मिमी वाढते. पूर्ण लांबी येण्याची वाट पक्षी पाहत नाही. पीस साधारण 70 ते 80 टक्के वाढले की तो उडू लागतो, उरलेली वाढ नंतर होत राहते. वाढते पीस हातात घेतले तर बुडाशी निळसर आवरण आणि त्यात खेळते रक्त दिसते. टोकाकडून ते आवरण सुकून कोंड्यासारखे गळते. पकडलेल्या पक्ष्याचे नववे प्राथमिक पीस (पंखाच्या बाहेरच्या टोकाकडील लांब उड्डाणपिसांपैकी एक) मोजायचे, रोजच्या वाढीने भागायचे आणि झड कधी सुरू झाली ते मागे मोजत काढायचे, अशी अभ्यासकांची रीत आहे.

झड केव्हा होणार हे मुख्यतः विणीवर ठरते. न विणणारे तरुण पक्षी सहसा आधी झडतात. मादी अंड्यांवर बसताच प्रौढ नर घरट्याचा परिसर सोडतात, कित्येकदा शेकडो किलोमीटर जातात, आणि उत्तर गोलार्धात बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये पिसे टाकतात. त्याआधीच त्यांचा झळाळता वेश जाऊन अंगावर मळकट पिसे आलेली असतात. माद्यांची पाळी शेवटी येते. वीण फसलेली मादी लवकर मोकळी होते. पिल्ले वाढवणारीला मात्र ऑगस्ट-सप्टेंबर, कधी त्याहूनही उशीर लागतो.

म्हणून एका पक्ष्याचा काळ आणि साऱ्या थव्याचा काळ यांत गल्लत करता कामा नये. पक्षी महिनाभर अडकतो, पण एकाच खाडीत न उडू शकणारे कोणी ना कोणी तीन-चार महिने सापडते. ऑगस्टमधल्या एका पाहणीवरून हंगाम ठरवला तर उशिरा येणाऱ्या माद्या हिशेबातून निसटतात, आणि पुढची पिढी त्यांच्यावरच अवलंबून असते.

झडीसाठी अन्न मुबलक, पाणी उथळ आणि शिकाऱ्यांपासून आडोसा असलेल्या जागा लागतात. पश्चिम ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर कॅनडाच्या आर्क्टिक भागातून राजआयडर येतात. अलास्कातील इझेंबेक खाजणात स्टेलर आयडर, तर ब्यूफोर्ट समुद्रालगतच्या खाजणांत लांबशेपटी बदके पिसे बदलतात. जहाज जवळ आले तर या पक्ष्यांना बुडी मारण्याखेरीज किंवा पोहत दूर जाण्याखेरीज मार्ग नसतो. तेलगळती झाली तर तोही पुरत नाही. अलास्काच्या वायव्य किनाऱ्यावरील लेडयार्ड उपसागरात चष्मेवाले आयडर जुलै ते ऑक्टोबर झडीसाठी थांबतात. अमेरिकेने 2001 मध्ये तो भाग या जातीचा अत्यावश्यक अधिवास म्हणून घोषित केला.