पर्ज-ॲण्ड-ट्रॅप उपकरणाची अस्थिरता

पाण्यातील बेंझीन, क्लोरोफॉर्म, व्हिनाइल क्लोराइड यांसारखी बाष्पनशील सेंद्रिय संयुगे मोजणारे उपकरण एकाच नमुन्याला सकाळी एक आणि दुपारी दुसरा आकडा देऊ लागले, की त्याला अस्थिर म्हणतात. या कामासाठी सर्वाधिक रुळलेली जोडणी म्हणजे पर्ज-ॲण्ड-ट्रॅप आणि त्याच्यापुढे जीसी-एमएस, म्हणजे संयुगे वेगळी करणारा गॅस क्रोमॅटोग्राफ (जीसी) आणि ती ओळखून मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर (एमएस). 5 किंवा 25 मिलिलिटर पाण्यातून हेलियमचे बुडबुडे सोडतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या 524.2 या पद्धतीत हा प्रवाह मिनिटाला 40 मिलिलिटर असतो आणि तो 11 मिनिटे चालतो. वायूबरोबर निघालेली संयुगे अधिशोषक भरलेल्या बारीक नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये अडकतात. मग ट्रॅप झटकन तापवून ती जीसीच्या स्तंभात ढकलली जातात.

1974 मध्ये बेलर आणि लिख्टेनबर्ग यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. क्लोरीन घातलेल्या पिण्याच्या पाण्यात क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमिथेने तयार होतात, हे नेदरलँड्समध्ये रूक यांनी त्याच वर्षी मांडले होते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातील बेंझीनची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम आणि व्हिनाइल क्लोराइडची 2 मायक्रोग्रॅम आहे. इतक्या सूक्ष्म प्रमाणात सैल झालेला एखादा फेरूलही (नळीचा जोड घट्ट करणारी बारीक कडी) निकाल फिरवू शकतो.

दोष शोधताना पाना हातात घेण्याआधी आकडे वाचावेत. कोणते संयुग घसरले, कोणते टिकले, यातच बिघाडाचा पत्ता असतो. सगळी संयुगे सारखी वागत नाहीत, आणि हेच शोधणाऱ्याचे खरे भांडवल आहे. क्लोरोमिथेन आणि व्हिनाइल क्लोराइड ही जवळजवळ वायूच. पर्जचा प्रवाह जास्त झाला तर ती ट्रॅपमध्ये न थांबता पार निघून जातात. ब्रोमोफॉर्म जड आहे, पाणी सोडायला नाखूष. प्रवाह कमी पडला की पहिला फटका त्याला बसतो. ट्रॅपपासून जीसीपर्यंतच्या वाहक नळीत एखादी जागा थंड राहिली तरी ते तिथेच रेंगाळते. म्हणून ब्रोमोफॉर्म खाली आणि हलकी संयुगे जागेवर असतील तर आधी प्रवाह मोजावा, नंतर नळीचे तापमान पाहावे. दोन्ही टोके एकदम खाली आली असतील तर गळती किंवा म्हातारा झालेला ट्रॅप यांचा संशय घ्यावा.

1,1,2,2-टेट्राक्लोरोइथेन घसरले आणि त्याच वेळी ट्रायक्लोरोइथीन वाढले, तर पाण्याला दोष देऊ नये. तापलेल्या, मळलेल्या पृष्ठभागावर पहिल्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि दुसरे तयार होते. प्रमाण माहीत असलेल्या मानक द्रावणातही ही जोडी अशीच हलत असेल तर नळी आणि ट्रॅप बदलण्याची वेळ आली, असे समजावे.

इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे प्रत्येक नमुन्यात ठरलेल्या मात्रेने घातलेले आणि ज्याच्याशी तुलना करून बाकीचे आकडे काढतात ते संयुग, हा दुसरा साक्षीदार. 524.2 मध्ये त्याच्या पीकचे, म्हणजे आलेखातील शिखराचे क्षेत्रफळ लगतच्या कॅलिब्रेशन तपासणीपेक्षा (मानक द्रावणाने केलेल्या पडताळणीपेक्षा) 30 टक्क्यांहून जास्त घटलेले चालत नाही. ते घटले, पण नमुन्यातील संयुगांचे मूळ पीक तेवढेच राहिले, तर यंत्र ठीक असून ते द्रावण सोडणारी झडप कमी मात्रा देत आहे. अशा वेळी हिशेबात सगळी संयुगे फुगलेली दिसतात आणि घाईतला माणूस नमुना दूषित ठरवून मोकळा होतो. सगळीच पीके एकत्र घसरली तर दोष पर्जपासून डिटेक्टरपर्यंत कुठेही असू शकतो. खात्री करायला मानक द्रावण सिरिंजने थेट जीसीत द्यावे. तिथे प्रतिसाद स्थिर आला तर जीसी-एमएस निर्दोष ठरते आणि शोध पर्जच्या बाजूला अर्ध्यावर येतो.

ओलावा हा या यंत्रणेचा जुना शत्रू. बुडबुड्यांबरोबर बरीच वाफ ट्रॅपमध्ये जाते. ती नीट वाळवली नाही तर सुरुवातीची पीके रुंद आणि वाकडी होतात, मास स्पेक्ट्रोमीटरच्या आयन स्रोतातील आयनीकरणही दबते. साबण किंवा डिटर्जंट असलेला नमुना आला की काचेच्या नळीत फेस चढत जातो, वरच्या नळीत शिरतो आणि ट्रॅप भिजवतो. तो नमुना तर वाया जातोच, पुढचेही बिघडतात. संशयास्पद नमुना आधी बंद व्हायलमध्ये (नमुन्याच्या छोट्या काचेच्या बाटलीत) हलवून फेस पाहावा, आणि विरल करूनच चालवावा.

मास स्पेक्ट्रोमीटरचे आरोग्य ब्रोमोफ्लुओरोबेंझीन हे तपासणीचे संयुग सांगते. त्याचा 95 वस्तुमानाचा आयन सर्वांत उंच, 174 त्याच्या निम्म्याहून जास्त आणि 176 हा 174 च्या 95 ते 101 टक्क्यांच्या दरम्यान हवा. पार्श्वभूमीत 28 (नायट्रोजन) आणि 32 (ऑक्सिजन) साधारण चारास एक या प्रमाणात दिसले तर हवा आत येत आहे. जोडांवर आर्गॉनची बारीक फुंकर घालून आर्गॉनचा आयन 40 कुठे उसळतो ते पाहावे. हेलियमच्या नळ्यांवर साबणाचे पाणी मात्र लावू नये. गळतीतून ते आत ओढले गेले तर नवी अडचण उभी राहते. नुकत्याच उघडून साफ केलेल्या स्रोतात प्रतिसाद काही तास वर सरकत राहतो. त्याला बिघाड न मानता निर्वात बसू द्यावा.

ब्लँकमध्ये, म्हणजे तपासणीसाठी चालवलेल्या शुद्ध पाण्यात डायक्लोरोमिथेन किंवा ॲसिटोन आले तर उपकरणाआधी खोलीकडे पाहावे. शेजारच्या खोलीत द्रावक वापरून आलेल्या माणसाच्या कपड्यांतूनही डायक्लोरोमिथेन येऊ शकते, ही शक्यता हसण्यावारी नेऊ नये. जास्त तापवलेला टेनॅक्स हा ट्रॅपमधला अधिशोषक स्वतःच बेंझीन आणि टोल्युइन सोडतो, म्हणून ट्रॅप बेक करताना, म्हणजे तापवून साफ करताना, ट्रॅपची कमाल तापमानमर्यादा पाळावी. तीव्र प्रदूषित नमुन्यानंतर ब्लँक स्वच्छ येईपर्यंत पुढचा नमुना लावू नये.

बऱ्याचदा दोष व्हायलमध्येच असतो. 40 मिलिलिटरची व्हायल उलटी करून बोटाने टिचकी मारावी. वाटाण्याएवढा बुडबुडा वर आला तर हलकी संयुगे त्या पोकळीत गेलेली असतात, आणि असा नमुना कितीही वेळा चालवला तरी आकडे जुळत नाहीत.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच मानक द्रावण चालवावे. ट्रॅप, फेरूल आणि झडप एकत्र बदलल्यावर प्रतिसाद सुधारला, तरी कारण कळत नाही आणि तोच बिघाड पुन्हा आला की शोध पहिल्यापासून सुरू होतो. नव्या ट्रॅपवर जुने कॅलिब्रेशन लागू होत नाही. ते नव्याने करावे लागते. शेवटची उत्तीर्ण तपासणी आणि पहिली नापास तपासणी यांच्यामधले सगळे नमुने पुन्हा चालवायचे असतात. आम्लाने पीएच 2 च्या खाली आणून थंड ठेवलेल्या नमुन्याची मुदत 14 दिवसांची असते. ती उलटून गेली असेल तर पाणी नव्याने भरून आणावे लागते.