थ्री-नॉट-थ्रीचं मॅगझिन: निघतं, पण बदलण्यासाठी नाही

ली-एनफील्ड, म्हणजे आपल्याकडची थ्री-नॉट-थ्री (.३०३), या रायफलच्या ट्रिगर गार्डच्या आत, पुढच्या बाजूला एक छोटा खटका असतो. तो दाबला की रायफलच्या पोटाखालची दहा काडतुसांची पत्र्याची पेटी, म्हणजे मॅगझिन, सुटून हातात येतं. अमेरिकेत किंवा कॅनडात लष्कराच्या जुन्या साठ्यातून विक्रीला आलेली ही रायफल घेतली की बहुतेकांच्या डोक्यात एकच विचार येतो: अशी आणखी तीन-चार मॅगझिनं घ्यावीत, भरून ठेवावीत, एक रिकामं झालं की दुसरं चढवावं. सुटणारी वस्तू बदलता यावी असं वाटणं स्वाभाविकच आहे. पण ज्या सैन्यांनी ही रायफल दोन महायुद्धांत वापरली, त्यांनी शिपायाला हे कधी शिकवलं नाही. मॅगझिन काढायचं ते साफसफाईसाठी किंवा दुरुस्तीसाठी. भरायचं ते रायफलला लागलेलं असतानाच, वरून.

ज्याने हे मॅगझिन शोधलं, त्याच्या मनात मात्र बदलण्याचीच कल्पना होती. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडमधल्या हॉइक गावात १८३१ मध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला कारागीर. त्याने १८७९ मध्ये ट्रिगरच्या पुढे खालून बसणाऱ्या, उभ्या पेटीसारख्या मॅगझिनचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या बहुतेक रिपीटर, म्हणजे एकदा भरून अनेक गोळ्या झाडणाऱ्या, रायफलींमध्ये काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक ठेवलेली असत. ती भरायला वेळ लागे आणि संपत आली की रायफलचा तोल बदले. लीच्या पेटीत काडतुसं एकावर एक बसत, स्प्रिंग त्यांना वर रेटत असे. शिपायाने अशा भरलेल्या पेट्या जवळ बाळगाव्यात, हा त्यामागचा विचार. त्याच्या रेमिंग्टन-ली रायफली अमेरिकी नौदलाने घेतल्याही.

सेनापतींना मात्र वेगळीच काळजी होती. १८७७ मध्ये प्लेव्हना इथे तुर्कांनी विंचेस्टर रिपीटर रायफलींनी रशियन पायदळाचं अतोनात नुकसान केलं, तेव्हा जलद गोळीबाराचं महत्त्व युरोपला पटलं होतं. तरी हातात जलद रायफल आली की शिपाई घाबरून भराभर काडतुसं संपवेल, ही भीती कुणाच्या मनातून गेली नव्हती. ब्रिटिशांनी १८८८ मध्ये ली-एनफील्डची पूर्वज ली-मेटफर्ड स्वीकारली, तेव्हा अशा काळज्यांवर दोन उपाय रायफलीतच घातले. एक म्हणजे कट-ऑफ: मॅगझिनच्या तोंडावर आडवी सरकणारी पट्टी. ती आत ढकलली की मॅगझिन झाकलं जाई आणि शिपायाला एकेक काडतूस हाताने घालून एकेक गोळी झाडावी लागे. भरलेलं मॅगझिन अडचणीच्या वेळेसाठी राखीव. दुसरा उपाय आज पाहिला की थक्क व्हायला होतं: सुरुवातीच्या रायफलींत मॅगझिन हरवू नये म्हणून ते साखळीच्या कडीने रायफलला चक्क बांधून टाकलेलं असे. लीने मोकळी केलेली पेटी ब्रिटिशांनी पुन्हा रायफलला जखडली.

त्यांच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण हा सगळा हेका नव्हता. तेव्हाचं मॅगझिन म्हणजे कारखान्यात भराभर ठोकून काढलेला डबा नसे. काडतूस वर येऊन बोल्टच्या, म्हणजे ते नळीत ढकलणाऱ्या दांड्याच्या, वाटेत नेमक्या कोनात उभं राहावं, यासाठी मॅगझिनच्या वरच्या वळलेल्या कडा, ज्यांना ओठ म्हणतात, अगदी नेमक्या असाव्या लागतात. एका रायफलीत बिनचूक चालणारं मॅगझिन दुसरीत अडकू शकतं, आणि शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याला ते त्या-त्या रायफलीशी जुळवून घ्यावं लागे. शिपायाच्या झोळीत आपटून, चिखलात पडून ओठ किंचित जरी दबले तरी रायफल ऐन वेळी अडते. त्यात .३०३ काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली की बोल्ट पुढे जात नाही. अशा परिस्थितीत एक मॅगझिन, एका रायफलीला जुळवलेलं, कायम तिथेच ठेवलेलं, हा शहाणपणाचा निर्णय होता असं मला वाटतं. फक्त भरण्याचा वेग वाढवायला हवा होता.

तो वेग बोअर युद्धाने शिकवला. १८९९ नंतर दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिशांशी लढणाऱ्या डच वंशाच्या बोअर लढवय्यांकडे जर्मन माउझर रायफली होत्या. त्या पत्र्याच्या पट्टीत अडकवलेल्या पाच काडतुसांनी भरत. पट्टी वर टेकवायची, अंगठ्याने पाचही काडतुसं एकदम आत दाबायची, पट्टी फेकून द्यायची. ब्रिटिश शिपाई मात्र ली-एनफील्डमध्ये दहा काडतुसं एकेक करून भरत बसे. युद्ध संपताच डिसेंबर १९०२ मध्ये आखूड ली-एनफील्ड आली, तिच्यात या पट्टीची, म्हणजे चार्जरची, सोय होती. १९०७ च्या मार्क ३ मध्ये चार्जर टेकवायचा पूल पक्का झाला. पाच-पाचचे दोन चार्जर आणि दहा काडतुसं आत, तीही मॅगझिनला हात न लावता. १९०८ च्या ब्रिटिश कापडी पट्ट्यात दहा छोटे कप्पे होते, प्रत्येकात तीन चार्जर, मिळून १५० काडतुसं. जादा मॅगझिनसाठी त्यात जागाच नव्हती. पुढे १९१६ मध्ये मार्क ३* बनवताना कट-ऑफही गेला. महायुद्धातल्या खपापुढे उत्पादनातलं प्रत्येक जादा काम कापावं लागत होतं, आणि खंदकात एकेक गोळी झाडून काडतुसं वाचवण्याची शिस्त कुणालाच परवडणारी नव्हती. वीस काडतुसांचं खंदकी मॅगझिनही थोड्या प्रमाणात बनलं, पण ते रुळलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात चित्र विचित्र झालं. ब्रिटिश आणि हिंदी सेक्शनमधला, म्हणजे पायदळाच्या सर्वांत लहान तुकडीतला, प्रत्येक रायफलधारी आता खरोखर मॅगझिनं बाळगत होता, पण स्वतःच्या रायफलसाठी नव्हे, सेक्शनच्या ब्रेन मशीनगनसाठी. काडतूस तेच, .३०३. स्वतःच्या रायफलीत मात्र तो चार्जरनेच भरत होता. दाबून काढलेल्या पोलादी पत्र्याची स्वस्त मॅगझिनं तोवर हजारोंनी बनू लागली होती, आणि मॅगझिन बदलणं ही लढाईतली रोजची क्रिया झाली. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे त्या मोर्चावर धावून गेले, बॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, एकाला टिपलं. मग मॅगझिन बदलायला सवड नव्हती, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी मारलं. पुढे शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि त्याच्या मानपत्रात मॅगझिनचा हा उल्लेख आहे. माणगाव तालुक्यातल्या या शिपायाची गोष्ट आपल्याकडे शौर्याची म्हणून सांगितली जाते, ती आहेच. पण मॅगझिन बदलण्याच्या त्या काही सेकंदांची किंमत काय असते, हेही इतक्या स्पष्टपणे फार कमी ठिकाणी नोंदलेलं असेल.

भारतात या रायफलीचं आयुष्य ब्रिटनपेक्षा लांबलं. बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत ती बनत होती, आणि .३०३ काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. १८६९ साली सुरू झालेल्या या कारखान्याची काडतुसं जगभरच्या जुन्या साठ्यांतून अजूनही सापडतात, बुडावर ‘के.एफ.’ ही अक्षरं घेऊन. १९६२ च्या चीन युद्धात आपलं पायदळ मुख्यतः थ्री-नॉट-थ्रीवरच लढलं. त्यानंतर इशापूरने त्याच रचनेची, अधिक मजबूत पोलादाची आणि ७.६२ मिलिमीटर काडतुसाची २ए रायफल काढली, पाठोपाठ २ए१. या काडतुसाला बाहेर आलेली कड नाही, त्यामुळे अडकण्याचा जुना दोष गेला. मॅगझिन आलं बारा काडतुसांचं, चौकोनी बांध्याचं. चार्जरचा पूल मात्र तसाच ठेवला. म्हणजे इथेही अपेक्षा वरूनच भरण्याची होती. बोल्ट हाताने ओढावा न लागणाऱ्या नव्या एसएलआर रायफलीसोबत वीस काडतुसांची बदलायची मॅगझिनं आली, तेव्हा कुठे भारतीय जवानाच्या रायफलीत लीची मूळ कल्पना पोचली.

पोलिसांपर्यंत ती पोचायला आणखी फार वर्षं गेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर ज्या पोलिसांकडे रायफल होती, त्यांतल्या अनेकांकडे थ्री-नॉट-थ्री होती. समोर तीस काडतुसांची मॅगझिनं बदलत फिरणारे हल्लेखोर होते. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागेपुढे करायचा आणि दहा झाल्या की भरायला थांबायचं, अशा शस्त्रानिशी तिथे उभ्या राहिलेल्या पोलिसांना आपण त्या रात्री फार उणं काही दिलं होतं. त्याचं दुःख मला आजही वाटतं. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर या रायफलीला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी.

आपल्याकडे .३०३ नागरिकांना मिळत नाही. लष्करी काडतूस नागरिकांच्या हाती नको, या इंग्रजांच्या काळापासूनच्या धोरणामुळे सरकारी कारखान्यांची .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल आली. तीही ली धाटणीचीच, पण मॅगझिन पाच काडतुसांचं. जुन्या लष्करी रायफलींचा बाजार खरा आहे तो अमेरिकेत आणि कॅनडात. १९६८ च्या कायद्याने अमेरिकेने परदेशी लष्करी रायफलींची आयात बंद केली होती. ऐंशीच्या दशकात ती संग्राह्य जुन्या रायफलींसाठी पुन्हा खुली झाली आणि इशापूरच्या २ए रायफलीही तिथे पोचल्या. त्याच सुमारास रशियन रचनेची, चीनमध्ये बनलेली एसकेएस रायफलही मोठ्या संख्येने आली. तिचं दहा काडतुसांचं मॅगझिन मुळात सुटणारं नाही, ते खालून बिजागरीवर उघडतं. तरी खासगी कारखान्यांनी तिच्यासाठी सुटी मॅगझिनं काढली. त्यांतली बरीच काडतूस नीट चढवत नाहीत, आणि तिथल्या कायद्यात मूळ मॅगझिन बदललेली रायफल वेगळी मोजली जाऊ शकते, याची जाणीव अनेकांना उशिरा होते.

ली-एनफील्डवाल्याला कायद्याची ही अडचण सहसा नसते, त्याची अडचण पत्र्याची असते. मार्क ३, दुसऱ्या महायुद्धातली नंबर ४ आणि २ए या तिघींची मॅगझिनं दिसायला सख्खी, पण एकीचं दुसरीत चालेल याचा भरवसा नाही. त्याच जातीचं जुनं मॅगझिन मिळालं तरी ते आपल्या रायफलीत तपासून, गरज पडली तर जाणकाराकडून जुळवून घ्यावं लागतं. एखादं जादा मॅगझिन जवळ असावं, कारण मूळचं खराब झालं तर रायफल पांगळी होते. वेगाने भरण्यासाठी मात्र चार्जरच घ्यावेत. तेही चांगले घ्यावेत, आणि .३०३ असेल तर त्यांत काडतुसांच्या कडा एकमेकींत अडकणार नाहीत अशी मांडणी करायला शिकावं. ही रायफल त्यासाठीच घडवली आहे.