शंभर गहाणचिठ्ठ्यांमागची कादंबरी

1728 च्या सुरुवातीला चीनमधल्या नानजिंगच्या त्साओ घराण्यावर जप्ती आली. मोजदाद झाली तेव्हा तेरा ठिकाणच्या घरांतल्या खोल्या भरल्या 483, नोकरमाणसं 114. एवढ्या पसाऱ्यात हाती लागलं काय, तर मेज-खुर्च्या, जुने कपडे आणि वस्तू गहाण टाकल्याच्या शंभरावर चिठ्ठ्या. त्या घरातला त्साओ श्वेचिन तेव्हा पोरवयाचा होता. त्याने पुढे लिहिलेली ‘लाल महालातील स्वप्न’ ही कादंबरी कळायची असेल, तर या चिठ्ठ्यांपासूनच सुरुवात करायला हवी असं मला वाटतं.

त्साओ मंडळी तेव्हा चीनवर राज्य करणाऱ्या मांचू राजघराण्याची पिढीजात बांधील सेवक. पण याच घरच्या एका बाईने कांगशी बादशहाला लहानपणी सांभाळलं आणि घराचं नशीब फिरलं. तिचा मुलगा त्साओ यिन, म्हणजे लेखकाचा आजा, दरबारासाठी रेशमी कापड विणून घेणाऱ्या नानजिंगच्या कारखान्याचा प्रमुख झाला. माणूस रसिक, थांग काळातल्या (सातवं ते दहावं शतक) जवळपास 49 हजार कवितांचा संग्रह त्याच्याच देखरेखीखाली तयार झाला. दक्षिणेच्या दौऱ्यांत बादशहा चार वेळा त्याच्याकडे उतरला. मान मोठा, पण ती बडदास्त ठेवता ठेवता सरकारी हिशेबात प्रचंड तूट आली. 1712 मध्ये त्साओ यिन हिवतापाने अंथरुणाला खिळला. बादशहाने घोडेस्वाराबरोबर सिंकोनाच्या सालीचं औषध धाडलं, ते पोचेपर्यंत तो गेला होता. कांगशी होता तोवर तूट सांभाळून घेतली गेली. त्याच्यामागून आलेल्या योंगझेंगने हिशेब मागितला.

कादंबरीच्या सोळाव्या प्रकरणात एक म्हातारी दाई बादशहाच्या स्वागताच्या गोष्टी रंगवून सांगते, चांदी कशी मातीमोल झाली होती ते. हे वर्णन कुठून आलं, हे वेगळं सांगायला नको.

लेखकाचे शेवटचे दिवस बीजिंगच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत गेले. घरभर पेज खाऊन राहतात आणि दारू नेहमी उधारीची, असं त्याच्या मित्राने कवितेत लिहून ठेवलंय. चित्रं विकून थोडंफार मिळे. दहा वर्षं, पाच वेळा फिरवून लिहिलेली कादंबरी हस्तलिखितांतूनच फिरत होती. लहान मुलगा गेला, पाठोपाठ 1763-64 च्या सुमारास तोही. 1791 मध्ये कादंबरी 120 प्रकरणांची होऊन छापली गेली. शेवटची चाळीस कुणाची, हा वाद अजून मिटलेला नाही.

कादंबरी ज्याची गोष्ट सांगते त्या जिया घराण्यावर जप्ती येते ती 105 व्या प्रकरणात, त्या वादातल्या भागात. त्साओ श्वेचिनच्या हातच्या ऐंशी प्रकरणांत तिची नुसती चाहूल आहे. 72 व्या प्रकरणात घरचा तरुण कारभारी आजीच्या दासीची मनधरणी करतो: म्हातारीच्या सोन्याचांदीच्या वस्तू गुपचूप काढून दे, थोडे दिवस गहाण टाकायच्या आहेत.