वकील होता, बचाव नव्हता

ठाण्याच्या कोर्टनाक्यावर तारखेला आलेल्या नातेवाइकांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असतं: "आमच्या वकिलानंच केस घालवली." पण शिक्षा झाल्यावर अपिलात हे मांडायचं कसं, ते कुठल्याच कलमात सरळ लिहिलेलं नाही. जे काही आहे ते निकालानिकालातून साठत आलंय.

सुरुवातीचा मोठा निकाल 1968 चा, उत्तर प्रदेशातल्या बशिरा खटल्यातला. सरकारनं आरोपीला वकील दिला आणि त्याच दिवशी मुख्य साक्षीदार तपासले. फाशीची शिक्षा झाली. तयारीला वेळच दिला नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. 1978 चा होस्कोट निकाल आपल्या महाराष्ट्रातला. कैद्याला निकालाची प्रत फुकट मिळाली पाहिजे आणि ऐपत नसेल तर अपिलाला वकीलही, असं न्या. कृष्णा अय्यर यांनी सांगितलं. होस्कोट यांची स्वतःची याचिका मात्र फेटाळली गेली! ठाण्याच्या किल्ल्यातल्या कारागृहातून आज जेल अपील जातं, त्याला या निकालाचा आधार आहे. पुढे 1986 च्या सुक दास निकालानं, आरोपीनं मागितला नाही तरी मोफत वकील देणं कोर्टाचं काम ठरवलं.

हे सगळं वकील नसण्याबद्दल, किंवा नावापुरता असण्याबद्दल. खासगी वकील उभा होता पण कच्चा निघाला, तर? अमेरिकेनं 1984 मध्ये स्ट्रिकलंड खटल्यात दुहेरी कसोटी घातली: वकिलाची चूक दाखवा, आणि ती झाली नसती तर निकाल बदलण्याची वाजवी शक्यताही. आपल्याकडे हात आखडता आहे. दिल्लीच्या एका बलात्कार खटल्यात नव्या वकिलानं जुन्याला अकार्यक्षम ठरवून साक्षीदार पुन्हा बोलवायला मागितले. उच्च न्यायालयानं 13 जणांना परवानगी दिली, सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये ती काढून घेतली. माझ्या मते ते बरोबरच होतं. नाहीतर वकील बदलला की पीडितेनं पुन्हा पिंजऱ्यात उभं राहायचं.

2019 मध्ये अनोखीलाल खटल्यात मात्र बशिराचीच गोष्ट पुन्हा घडल्याचं दिसलं. वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित, पंधरवड्यात फाशीची शिक्षा. सर्वोच्च न्यायालयानं खटला नव्यानं चालवायला लावला आणि फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा गुन्ह्यांत वकिलाला तयारीला किमान सात दिवस ठरवून दिले. तो आरोपी 2024 मध्ये निर्दोष सुटला.

म्हणूनच अपिलाचा जाणता वकील कागद हाती आले की आधी दोन तारखा शेजारी ठेवतो, वकील नेमल्याची आणि पहिल्या साक्षीची. मग उलटतपासाची पानं मोजतो.