बर्झिन, यान कार्लोविच
(२५ नोव्हेंबर १८८९–२९ जुलै १९३८). सोव्हिएट लष्करी गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख. तो लॅटव्हियन शेतकरी कुटुंबात जन्मला. मूळ नाव पेतेरिस क्यूझिस; ‘बर्झिन’ हे क्रांतिकारक चळवळीत धारण केलेले नाव. हे लॅटव्हियन आडनाव अतिशय प्रचलित असल्याने संदर्भग्रंथांत घोटाळे होतात. लेनिनचा निकटवर्ती मुत्सद्दी यान बर्झिन आणि ईशान्य सायबीरियातील कोलिमा भागातील सुवर्णखाणींचा प्रशासक एदुआर्द बर्झिन या दोन्ही वेगळ्या व्यक्ती होत. तिघेही लॅटव्हियन आणि तिघांनाही १९३८ मध्येच गोळ्या घालण्यात आल्या, त्यामुळे गोंधळात भरच पडली.

१९०५ च्या क्रांतीत भाग घेतल्याबद्दल त्याला तुरुंगवास झाला. पुढे सायबीरियात हद्दपारी झाली, तेथून तो निसटला. १९२० च्या अखेरीस तो लाल सेनेच्या गुप्तवार्ता विभागात आला आणि १९२४ मध्ये प्रमुख झाला. (या विभागाचे ‘जीआरयू’ हे आज रूढ असलेले नाव १९४२ नंतरचे, त्याच्या काळासाठी ते वापरणे काटेकोरपणे बरोबर नाही.) सोव्हिएट हेर रिखार्ड झोर्गे याला १९२९ मध्ये त्यानेच विभागात घेतले, शांघाय व टोकिओतील झोर्गेच्या कामगिरीचा पाया येथे आहे.

फेब्रुवारी १९३५ मध्ये कोपनहेगनला विभागाचे अनेक हेर एकाच वेळी पकडले गेले. त्यानंतर बर्झिनला पद सोडावे लागले व त्याची अतिपूर्वेकडील सैन्यात रवानगी झाली. १९३६ मध्ये तो ‘ग्रिशिन’ या टोपणनावाने स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारचा मुख्य लष्करी सल्लागार होता. तेथील सोव्हिएट गुप्तपोलिसांच्या वर्तनाविरुद्ध त्याने तक्रार केली व तीच त्याला भोवली, असे सोव्हिएट बाजू सोडून पश्चिमेकडे गेलेला हेर क्रिविट्स्की याच्या कथनावरून मानतात. मात्र हे कथन ऐकीव स्वरूपाचे आहे.

१९३७ च्या उन्हाळ्यात तो पुन्हा प्रमुख झाला, पण काही आठवड्यांपुरताच. अटकेच्या तारखेविषयी मतभेद आहेत. काही ग्रंथांत १३ मे १९३८, तर इतरत्र २७ नोव्हेंबर १९३७ ही तारीख आढळते. दुसरी अधिक संभाव्य वाटते; कारण वायुदलप्रमुख अल्क्स्निस या दुसऱ्या लॅटव्हियन सेनानीची अटक त्याच आठवड्यातील असून सोव्हिएट गुप्तपोलिसांची लॅटव्हियनांविरुद्धची व्यापक अटकमोहीमही नोव्हेंबरअखेरच सुरू झाली. या तारखेमुळे पदच्युती व अटक यांतील अंतर सुमारे चार महिन्यांचे ठरते.

सर्वोच्च न्यायालयाच्या लष्करी मंडळाने त्याला मृत्युदंड दिला व मॉस्कोजवळील कोमुनार्का येथे त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्या जागी १९३५ मध्ये आलेला सेम्योन उरित्स्की हाही काही दिवसांतच मारला गेला. बर्झिनला १९५६ मध्ये मरणोत्तर निर्दोष ठरविण्यात आले.