टाल्क पावडर व कर्करोग : भरपाईचे दावे (ठाणे व नवी मुंबई)

टाल्क असलेली अंगाची पावडर वर्षानुवर्षे वापरल्याने कर्करोग झाला, असे म्हणत उत्पादकाकडे भरपाई मागणारे दावे. अमेरिकेत ते हजारोंनी दाखल झाले. खाडीकाठच्या दमट हवेत घामोळ्यांवर पावडरचा डबा रिकामा करणाऱ्या ठाणे-नवी मुंबईत मात्र या विषयाची चर्चाच अधिक होते. असा दावा येथे करायचा तर तो कोठे आणि कशाच्या जोरावर करता येतो, हे फारसे कोणी सांगत नाही.

टाल्क म्हणजे संगजिरे. मॅग्नेशियमचे हे सिलिकेट खनिजांमध्ये सर्वांत मऊ असते. अडचण खाणीपासून सुरू होते, कारण काही ठिकाणी ॲस्बेस्टॉस या कर्करोगकारक तंतुमय खनिजाचे थर टाल्कला लागूनच आढळतात. दाव्यांमध्ये दोन वेगळे आरोप असतात आणि त्यांची सरमिसळ झाली की चर्चा भरकटते. पहिला आरोप भेसळीचा : ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे आत गेल्याने फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा झाला. दुसरा आरोप असा की, जननेंद्रियांजवळ वापरलेल्या पावडरमुळे अंडाशयाचा कर्करोग झाला. पहिल्यात कार्यकारणभाव पक्का आहे. वाद असतो तो त्या पावडरीत ॲस्बेस्टॉस होते का, याचा. दुसऱ्यात शास्त्रज्ञांमध्येच एकमत नाही. सुमारे अडीच लाख अमेरिकी महिलांच्या माहितीवर आधारलेल्या २०२० च्या अभ्यासात ठाम संबंध दिसला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मात्र २०२४ मध्ये टाल्कला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले.

अमेरिकेतील सर्वांत गाजलेला निकाल सेंट लुईसचा. २०१८ मध्ये तेथील ज्यूरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, २२ महिलांच्या दाव्यात बेबी पावडर बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनला ४.६९ अब्ज डॉलरचा भुर्दंड बसवला. अपिलात तो २.१२ अब्जांवर आला. कंपनीने आरोप कायम फेटाळले. दाव्यांचे ओझे उपकंपनीवर टाकून दिवाळखोरी न्यायालयातून तडजोड करण्याचे तिचे तीन प्रयत्नही फसले, तिसरा मार्च २०२५ मध्ये. टाल्कऐवजी मक्याच्या स्टार्चची बेबी पावडर जगभर आणण्याचा निर्णय तिने २०२२ मध्येच जाहीर केला होता.

ठाण्याच्या वेशीवर, मुलुंडमध्ये याच कंपनीचा कारखाना होता. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील बेबी पावडरचा परवाना रद्द केला, तेव्हा ‘कॅन्सरची पावडर बंद’ अशाच थाटात बातमी फिरली. प्रत्यक्षात कारण होते पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप : पुणे व नाशिक येथे घेतलेल्या नमुन्यांचा पीएच ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला होता. ११ जानेवारी २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि प्रशासनाने लावलेल्या विलंबावरही बोट ठेवले. कर्करोगाच्या दाव्यात हा दाखला जोडून काहीही साधत नाही.

भारतात ज्यूरी नाही. वाट आहे ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील उत्पादन दायित्वाच्या प्रकरणाची. कलम ८४ नुसार उत्पादनात दोष असेल किंवा डब्यावर पुरेसा इशारा नसेल तर उत्पादक जबाबदार ठरू शकतो. तक्रार राहत्या ठिकाणच्या ग्राहक आयोगाकडे करता येते, म्हणजे खारघरचा रहिवासी नवी मुंबईकर म्हणवत असला तरी त्याचा जिल्हा रायगड. कोणत्या पातळीवरचा आयोग, हे मात्र मागितलेल्या भरपाईवर नव्हे तर वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते. पन्नास लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाकडे जाते, त्यामुळे दीडशे रुपयांच्या डब्यापायी कोट्यवधींची मागणी केली तरी पहिली पायरी जिल्हा आयोगाचीच. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये वैध ठरवली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रार शुल्कही नाही.

दार असे सताड उघडे असले तरी आत गेल्यावर पुराव्याची खरी कसोटी लागते. वाण्याकडून घेतलेल्या पावडरीचे बिल कोण जपून ठेवते? डब्याच्या मागे बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि घटकांत ‘टाल्क’ असे छापलेले असते, पण मेसोथेलिओमा ॲस्बेस्टॉसच्या संपर्कानंतर कित्येक दशकांनी उद्भवतो आणि तोवर तो डबा भंगारात गेलेला असतो. खारघरच्या टाटा स्मारक केंद्रासारख्या ठिकाणचा बायोप्सी अहवाल आजाराचा प्रकार सांगतो; तो पावडरीमुळे झाला, असे त्यात लिहिलेले नसते. त्यासाठी तज्ज्ञाची साक्ष लागते. आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, अर्थात वस्तू हाती असेल तर.

मुदत आहे दोन वर्षांची, दाव्याचे कारण घडल्यापासून. ते निदानाच्या दिवशी घडले की पावडरीशी संबंध कळला त्या दिवशी, यावर विरुद्ध बाजूचा वकील वाद घालणारच. सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो. शिवाय कायद्यातील उत्पादन दायित्वाचे प्रकरण २० जुलै २०२० रोजी लागू झाले, आणि दावेदारांचा बराचसा वापर त्याआधीचा असतो; त्यावरूनही वाद होऊ शकतो. अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळी तक्रार करता येते. तेथे नमुना तपासला जाईल, परवान्यावर कारवाईही होईल, मात्र भरपाई देण्याचा अधिकार त्या खात्याला नाही.