स्वसंरक्षणासाठी पिस्तुलाचा परवाना: अर्ज, कागदपत्रं आणि गोळी झाडण्याची मर्यादा

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर जवळ बाळगायचं तर शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवाना हवा. अर्जदाराचं वय किमान २१ असावं लागतं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर ती भोगून झाल्यावरही ५ वर्षं शस्त्र बाळगता येत नाही. शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून द्यावं लागलेल्यांनाही त्याची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं.

मुंबई, पुणे, नागपूर अशा आयुक्तालयांत पोलीस आयुक्त परवाना देतात, इतरत्र जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी. अर्ज 'नमुना ए-१'मध्ये करायचा. सोबत फोटो, ओळखीचा, पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र (नमुना एस-३), शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र (नमुना एस-१) आणि शस्त्र कुलूपबंद, सुरक्षित ठेवण्याची हमी. काही कार्यालयं आयकर विवरणपत्रंही मागतात, तीही फाईलला लावून ठेवलेली बरी. पण पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्येच आहे.

खरा कस लागतो तो 'शस्त्र कशासाठी हवं' या रकान्यात. 'जिवाला धोका आहे' एवढं मोघम वाक्य पुरत नाही. धोका कुणाकडून, कधीपासून, पोलिसांत तक्रार दिली होती का, रोकड किंवा दागिन्यांची ने-आण करावी लागते का, हे लिहा आणि तक्रारींच्या प्रती जोडा. शेजारच्या पाटलांकडे आहे म्हणून आपल्याकडेही हवं, हे कारण कागदावर टिकत नाही. आणि टिकूही नये.

पोलीस ठाण्याच्या अहवालासाठी नियमांत ३० दिवस आणि तो मिळाल्यावर निर्णयासाठी ६० दिवस दिलेले आहेत. नकार आला तर लेखी कारणं मागा. कलम १८ खाली अपील करता येतं. परवान्याची मुदत ५ वर्षं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त २ अग्निशस्त्रं.

शस्त्र लपवून बाळगण्याचा वेगळा परवाना आपल्याकडे नाही, कारण झाकून बाळगणं हाच नियम आहे. शस्त्र नियम, २०१६ सांगतात की सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि स्वतःच्या ताब्यात असावं. ते काढून मिरवायला बंदी आहे. वरातीत हवेत बार काढला तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परवाना हातात पडला म्हणजे गोळी झाडायची मुभा मिळाली, असं समजणारे बरेच भेटतात. परवाना फक्त बाळगण्याचा असतो. झाडलेल्या गोळीचा हिशेब भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये होतो, आणि माझ्या मते अर्ज भरण्याआधी ती वाचायला हवीत. समोरच्याचा जीव जाईल इतकं बळ वापरायची मुभा मोजक्याच प्रसंगी आहे: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला आणि असे आणखी काही. मालमत्तेसाठी ती जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं अशा वेळी मिळते. अंगणातली मोटरसायकल ढकलत नेणारा चोर, ज्याच्यापासून तुमच्या जिवाला काही धोका नाही, तो यात बसत नाही.

पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता का आणि बचावाला लागतं त्याहून जास्त इजा केली का, हे दोन प्रश्न कलम ३७ विचारतं. भीती असेपर्यंतच हक्क असतो. पाठ फिरवून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर स्वसंरक्षण सांगणं फार अवघड जातं. शिवीगाळ, पार्किंगचं भांडण, बांधावरची बाचाबाची यांत तर पिस्तुलाला हातही लावू नये. उलट खरा हल्ला होत असताना बळ तोळ्यामाशाने मोजावं, अशी अपेक्षा न्यायालयंही धरत नाहीत.

गोळी झाडलीच, तर जखमीसाठी रुग्णवाहिका बोलवा, पोलिसांना कळवा आणि शस्त्र, काडतुसं, परवाना त्यांच्या ताब्यात द्या. न्यायालयात तो बचावच होता हे दाखवायची जबाबदारी गोळी झाडणाऱ्यावर असते, आणि खटला चालू असताना शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली परवाना निलंबित होऊ शकतो.